जागा अपुरी पडते तेव्हा

कणगी मोठी बांधली म्हणून धान्य उरत नाही आणि माळा मोठा केला म्हणून अडगळ कमी होत नाही, हा अनुभव आपल्या घरांना नवा नाही. फडताळ नवे आणले की पहिले चार दिवस ते रिकामे रिकामे वाटते. वर्षभराने पाहावे तो त्याचे दार लावणे मुश्किल! घराघरांतून टेबलावर येऊन बसलेल्या संगणकाचीही हीच गत झालेली आहे. एखाद्या दिवशी मुंजीचे फोटो त्यात उतरवून घ्यावेत म्हणून गृहस्थ मोठ्या हौसेने बसतो आणि पडद्यावर पाटी झळकते की, डिस्कवर जागा शिल्लक नाही. मग चिडाचीड होते, काहीतरी घाईघाईने पुसले जाते आणि नेमके जे पुसू नये तेच गेले, असे मागाहून ध्यानात येते.

या पाटीला जवळजवळ सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो केवळ यंत्रांचा इतिहास नाही. जागा संपली म्हणजे माणूस काय काय करतो, काटकसर कशी करतो, फेकून देण्याची घाई कशी करतो आणि त्या घाईची किंमत पुढे कोण मोजतो, याची ती कथा आहे.

सप्टेंबर १९५६ मध्ये अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने 'रामॅक' नावाचे यंत्र जगापुढे मांडले. 'रामॅक' या नावात आपला राम नाही. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ते तयार केलेले होते. सॅन होजे येथील प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली ते घडले. त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्या मिनिटाला बाराशे फेरे घेत. सारा डोलारा टनाहून जड होता. यंत्र भाड्याने मिळे. आणि भाडे महिन्याला ३,२०० डॉलर! एवढ्या अवजड सरंजामाची साठवण किती, तर पन्नास लाख अक्षरे. आज खिशातल्या फोनने काढलेला एखादा फोटो तेवढी जागा सहज खाऊन टाकतो.

पण त्या काळच्या मंडळींना ही जागा अफाट वाटली, यात नवल नाही. तोपर्यंत हिशेब ठेवले जात ते भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर. एका कार्डावर ऐंशी अक्षरे मावत. म्हणजे एक रामॅक साठ हजारांहून अधिक कार्डांचे काम करी. शिवाय गठ्ठा वरपासून खालपर्यंत न चाळता हवी ती नोंद थेट काढून देई. १९५८ साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात तर हेच यंत्र 'प्रोफेसर' होऊन बसले होते आणि दहा भाषांतून इतिहासावरील प्रश्नांची उत्तरे देत होते. योगायोग पाहा: रामॅक येण्याच्या आधल्याच वर्षी, १९५५ मध्ये, पार्किन्सन या इंग्रज लेखकाने 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात आपला सुप्रसिद्ध नियम मांडला होता. हाताशी जेवढा वेळ असेल तेवढे काम फुगत जाते, असे त्याचे म्हणणे. पुढे संगणकवाल्यांनी त्यातील 'वेळ' काढून तेथे 'जागा' हा शब्द घातला, आणि नियम तितकाच खरा ठरला.

जागेच्या टंचाईवर माणसाने आजवर तीन उपाय केले: काटकसर करणे, दाबून बसवणे आणि टाकून देणे.

पहिल्या उपायाची गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे, फक्त तिचा जागेशी असलेला संबंध विस्मरणात गेला आहे. ऐंशी अक्षरांच्या कार्डावर '१९५८' असे पुरे साल लिहिणे ही चैन होती. तेव्हा '५८' असेच लिहिण्याचा प्रघात पडला. कार्डे गेली, तबकड्या आल्या, तबकड्या मोठ्या झाल्या. पण प्रघात तसाच राहिला. पुढे शतक पालटण्याची वेळ आली तेव्हा '००' म्हणजे १९०० की २००० हे यंत्राला कळेना. बँका, विमा कंपन्या, वीजकेंद्रे यांच्या जुन्या आज्ञावल्या ओळीओळीने तपासून दुरुस्त कराव्या लागल्या. या कामाचा मोठा ओघ भारताकडे वळला आणि मुंबई-पुण्याच्या कितीतरी तरुणांनी परदेशातील संगणकांची ओळख प्रथम त्यातूनच करून घेतली. दोन अंकांची बचत जगाला अशी महागात पडली. आपल्या मुलांना मात्र ती पथ्यावर पडली!

आता घरगुती संगणकाकडे वळू. १९८० साली अमेरिकेतील शुगार्ट टेक्नॉलॉजी या कंपनीने टेबलावरच्या यंत्रात मावेल अशी सव्वापाच इंची डिस्क काढली. तिची साठवण पाच मेगाबाइट, म्हणजे साधारण एका रामॅकएवढीच. रामॅकचा हत्ती चोवीस वर्षांत असा डब्यात मावला. १९८१ च्या आय.बी.एम. पी.सी. मध्ये मात्र अशी डिस्क नव्हती. १९८३ च्या 'एक्स.टी.' मध्ये ती दहा मेगाबाइटची आली. दहा मेगाबाइट! एवढे भरणार कसे, हा प्रश्न त्या वेळी वेडगळ वाटत नव्हता. पण भरले; आणि मोठ्या डिस्का आल्या तरी नवी अडचण उभी राहिली. त्या वेळच्या 'डॉस' या प्रणालीला बत्तीस मेगाबाइटपलीकडचा एकसंध प्लॉट मोजताच येत नसे. चाळीस मेगाबाइटची डिस्क घेतली तर तिची भावाभावांच्या वाटणीसारखी दोन घरे पाडावी लागत.

या वाटणीतही एक गंमत होती. डिस्कवरील जागा सुटी मिळत नाही, ठराविक मापाच्या खणांनी मिळते. पुढे दोन गिगाबाइटच्या डिस्का आल्या तेव्हा एकेक खण बत्तीस किलोबाइटचा झाला होता. त्यात तुम्ही एकच अक्षर लिहून ठेवा, खण सगळा अडला! शेकडो चिमुकल्या फाइली असल्या की डिस्क भरे ती मालाने नव्हे, खणांतल्या पोकळीने. १९९६ मध्ये नवी पद्धत आली तेव्हा हा जाच कमी झाला.

दुसरा उपाय दाबून बसवण्याचा. इस्रायलमधील हायफा येथील झिव्ह आणि लेंपेल या दोन शास्त्रज्ञांनी १९७७ आणि १९७८ मध्ये एक सुंदर युक्ती मांडली. मजकुरात तीच ती अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. ती दर वेळी न लिहिता 'मागे अमुक ठिकाणी आहे तेच' एवढी खूण करावी. आपल्या भजनांच्या वह्यांत धृपद एकदाच पुरे लिहून पुढे नुसते 'धृ.' लिहितात ना, तसेच. या जातीच्या युक्तीवर स्टॅक नावाच्या कंपनीने १९९० च्या सुमारास 'स्टॅकर' काढले आणि डिस्क दुप्पट झाल्याचा आनंद लोकांना दिला. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये तसलीच सोय आपल्या 'डॉस ६' मध्ये घातली. स्टॅकने फिर्याद केली आणि १९९४ मध्ये ज्यूरीने मायक्रोसॉफ्टला बारा कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. मायक्रोसॉफ्टच्या उलट दाव्यात स्टॅकलाही एक कोटीहून अधिक भरपाई लागू झाली आणि पुढे दोघांनी आपसांत मिटवले. रिकाम्या जागेवरून भाऊबंदकी होते ती काही कोकणातल्या आगरातच असे नाही!

आज मात्र या उपायात फारसा दम उरलेला नाही. फोटो, गाणी, चलचित्रे ही जन्मतःच दाबलेली येतात. एकदा पिळलेले कापड पुन्हा पिळून पाणी निघत नाही.

राहिला तिसरा उपाय, टाकून देण्याचा. येथेच बहुतेकांची फसगत होते. जुन्या 'डॉस'मध्ये फाइल पुसली म्हणजे काय होई? मजकुराला हातही लागत नसे. यादीतील तिच्या नावाचे केवळ पहिले अक्षर बदलून तेथे एक खूण केली जाई आणि तिचे खण 'मोकळे' म्हणून जाहीर होत. दारावरची पाटी काढली, बिऱ्हाड आतच! पीटर नॉर्टन या अमेरिकन गृहस्थाने हे हेरले आणि १९८२ मध्ये पुसलेली फाइल परत आणणारे साधन विक्रीस काढून नाव मिळवले. पुढे 'विंडोज ९५' मध्ये कचऱ्याची टोपली आली. टाकलेली वस्तू तीत पडून राही आणि टोपली मुळात डिस्कचा दहावा हिस्सा अडवू शके. म्हणजे केर काढला, पण घरातच ठेवला. टोपली रिकामी केल्यावाचून जागा मोकळी होत नाही, हे आजही अनेकांना सांगावे लागते.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. अमेरिकेतील गारफिंकेल आणि शेलाट या दोन संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्का विकत आणून तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू स्थितीतील १२९ डिस्कांपैकी नीट पुसलेल्या केवळ बारा निघाल्या. बाकीच्यांतून पतपत्रांचे हजारो क्रमांक आणि लोकांची खाजगी पत्रे हाती लागली. जुना संगणक भंगारात देणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.

डिस्क काठोकाठ भरू देण्यात धोका कोणता, हे दोन प्रसंगांवरून स्पष्ट होते. १९९८ मध्ये पिक्सार या चित्रपटसंस्थेत 'टॉय स्टोरी २'चे काम चालू असता कोणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाचा बहुतांश भाग पुसला गेला. राखीव प्रत होती; पण ती धड नव्हती. साठवणीची मर्यादा केव्हाच गाठली गेली होती आणि तशी सूचना ज्या नोंदवहीत लिहिली जायची ती नोंदवहीही त्याच भरलेल्या जागेत होती, त्यामुळे कोरी राहिली! गॅलिन सुसमन या बाई तान्ह्या बाळामुळे घरून काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीने चित्रपट तारला.

दुसरा प्रसंग २०२३ च्या ऑगस्टमधला. जपानमधील टोयोटाचे चौदाही मोटार-कारखाने एकाएकी ठप्प झाले. कारण? सुट्या भागांच्या मागण्या हाताळणाऱ्या संगणकावर जुन्या नोंदींची आवराआवर चालली असता डिस्कवरची जागाच संपली आणि जोडीचा राखीव संगणकही त्याच कारणाने बसला. आवरण्यासाठीसुद्धा थोडी मोकळी जागा लागते. माजघर आवरायचे तर सामान ओसरीवर काढावे लागते. ओसरीही भरलेली असेल तर काय करणार?

जाणत्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात १९८४ च्या सुमारास जी नवी फाइलपद्धती तयार झाली, तिने डिस्कचा दहावा भाग सामान्य वापरासाठी बंदच ठेवला. जागा अगदी संपत आली की एकेका फाइलचे तुकडे विखरून पडतात आणि यंत्राला धावाधाव होते. शिवाय १९६२ च्या मँचेस्टरच्या 'ॲटलस' यंत्रापासून चालत आलेली रीत अशी की, स्मरणशक्ती कमी पडली की संगणक तबकडीचा आधार घेतो. तेथेही जागा नसली म्हणजे तो अडखळू लागतो. भरल्या पोटी मंदावतो तो केवळ माणूसच नव्हे.

मग कर्त्या माणसाने काय करावे? प्रथम पुसू नये, प्रथम मोजावे. कोणत्या फोल्डरने किती जागा व्यापली आहे ते संगणक स्वतःच दाखवतो. मोजल्यावर दिसून येते की, अक्षरांनी डिस्क कधी भरत नाही. देवनागरीतील प्रत्येक खुणेला आजच्या पद्धतीत तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराच्या तिप्पट. तरीही तीनशे पानांची मराठी कादंबरी दोन मेगाबाइटच्या आतबाहेरच राहते. अशा शंभर कादंबऱ्या म्हणजे फोनवर काढलेले दोनेक मिनिटांचे चलचित्र! तेव्हा पत्रे आणि कविता पुसून काही साधत नाही. शोधायचे ते जुनी चलचित्रे, त्याच फोटोच्या चार-चार प्रती आणि उतरवून घेऊन विसरलेल्या फाइली. नंतर जे ठेवायचे त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर करावी आणि ती उघडून पाहावी. पिक्सारने नेमके तेच केले नव्हते. प्रणालीच्या स्वतःच्या तात्पुरत्या फाइली तिच्याच सफाईच्या साधनाने काढाव्यात, हाताने उपटू नयेत. शेवटी टोपली रिकामी करावी आणि एक-दशांश जागा मोकळी राखावी.

नवी मोठी डिस्क आणणे हा मार्ग आहेच. २००७ मध्ये हिताची कंपनीची एक टेराबाइटची डिस्क आली. सुमारे दोन लाख रामॅक तिच्या पोटात मावले असते. तीही भरली. कारण काय ठेवावे आणि काय टाकावे, हा निर्णय आपण पुढे ढकलतो.

हा निर्णय यंत्र करू शकत नाही. अपोलो ११ च्या चंद्रावतरणाची १९६९ मधील मूळ चित्रे ज्या फितींवर उतरली होती, त्या फिती पुढे टंचाईच्या काळात इतर हजारो फितींबरोबर पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष 'नासा'ने २००९ मध्ये शोधाअंती काढला. दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित झालेल्या प्रती वाचल्या. मूळ उत्तम चित्रे गेली. फिती पुसणारांचा हेतू वाईट नव्हता. कोणत्या फितीवर काय आहे, हे त्या वेळी त्यांच्यापुढे स्पष्ट नव्हते, इतकेच.

आपल्या घरच्या डिस्कमध्येही अशा निनावी फिती पुष्कळ असतात. लग्नातल्या पंगतीत कोपऱ्यात बसलेली ती म्हातारी कोण, वाड्याच्या पायरीवरचा तो मुलगा कोणाचा, हे सांगणारे घरात एक-दोघेच उरलेले असतात. तेव्हा या सुटीत डिस्क आवरायला बसाल तर आजी-आजोबांना शेजारी खुर्ची द्या, प्रत्येक फाइलला माणसांची नावे आणि साल घाला, साल चारही अंकी घाला, आणि मगच पुसण्याच्या कामाला हात लावा.