देवीच्या कार्डावरचं पोरगं

मागे नॅरोगेजच्या गाडीवर लिहिलं तेव्हा तुम्ही भरभरून जुने फोटो पाठवले. आज फोटोंचीच गोष्ट, पण थोडी वेगळी.

साल 1974. मी सौंसरला पाचवीत होतो. भर दुपारी दोन माणसं दारात यायची. एकाच्या हातात कार्ड, त्यावर अंगभर देवीचे फोड आलेल्या एका पोराचा फोटो. "माताजी, ऐसा बच्चा कहीं देखा?" शाळेतली आमची भाषा हिंदी, घरातली मराठी. आजीला हिंदी समजायची, पण उत्तर ठरलेलं: "नाई जी, आमच्या गल्लीत कोनी नाई असं." मग ते भिंतीवर तारीख लिहून पुढच्या घरी जायचे. आम्ही पोरं त्यांच्या मागे मागे, पुन्हा एकदा ते कार्ड पाहायला मिळावं म्हणून. भीती वाटायची आणि पाहिल्याशिवाय राहवायचंही नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि भारत सरकारची ही घरोघर शोधमोहीम 1973 च्या शेवटी उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि आपल्या मध्य प्रदेशात सुरू झाली. 1974 मध्ये देशात देवीचे 1 लाख 88 हजार रुग्ण नोंदले गेले, 31 हजारांवर माणसं गेली. सगळ्यात जास्त हाल बिहारचे. मे 1975 मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला. तरी शोध थांबला नाही. उलट, रोगी दाखवा आणि 1000 रुपये घ्या, असं बक्षीस लागलं. तेव्हा आमची आत्या म्हणाली होती, "हजार रुपये? मंग मले चाळीस वर्सं पहिलेच दाखवाचं होतं!"

आत्याच्या तोंडावर देवीचे वण होते. लहानपणी आलेल्या, वाचली तेच खूप. ती कधी फोटोला उभी राहिली नाही. काकाच्या लग्नात फोटोग्राफरने हाक मारली तर म्हणाली, "माहा फोटो काऊन काढतं बापू? देवीनं आधीच छापून ठेवला ना." त्या ग्रुप फोटोत खांबाआड हिरव्या लुगड्याचा अर्धा खांदा दिसतो, तेवढीच आत्या. 1998 साली ती गेली. तो फोटोही आता धड नाही. एका पावसाळ्यात छत गळलं आणि तो काचेला चिकटला. मी घाईत सोडवायला गेलो तर नवरदेवाचा चेहराच काचेवर राहिला. (कोणाचा असा चिकटला असेल तर ओढू नका. काचेसकट स्कॅन करून घ्या.)

गेल्या दिवाळीला नागपूरच्या भाच्याने मोबाइलवर त्या मोहिमेचे जुने फोटो दाखवले. आणि ते कार्ड समोर आलं! तेच, किंवा त्याचंच भावंड. पन्नास वर्षांनी माझ्या अंगावर तसाच काटा आला. मोहिमेचे कागदपत्र जिनिव्हाला संघटनेच्या दप्तरात जपलेले आहेत, आणि 2017 मध्ये युनेस्कोने ते 'जगाची स्मृती' या यादीत घेतले. फिल्मचं काम जास्त कठीण. त्या काळच्या फिल्म दमट हवेत आंबतात, डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो, रंग उडून चित्र गुलाबी पडतं. म्हणून थंड खोलीत ठेवायचं आणि एकेक चौकट स्कॅन करायची. त्यांची ही गत, तर आपल्या लोखंडी पेटीतल्या फोटोंची काय कथा.

मी आपल्या भागातला एखादा फोटो शोधला. मला तरी अजून सापडला नाही. शोधायचं कोणत्या नावाने, हाही प्रश्नच. 1974 चा फोटो पांढुर्णा जिल्ह्याखाली कसा मिळेल? जिल्हा 2023 चा, तेव्हा आपण छिंदवाड्यात. 1956 च्या आधीचा असेल तर राज्याची राजधानीच नागपूर. इंग्रजीत सौंसरचं स्पेलिंगही जो तो आपल्या मनाने करतो. मी पाहिलेल्या बऱ्याच फोटोंखाली माणसाचं नाव नाही, नुसतं देश आणि साल. सुई टोचणाऱ्या बाईचंही नाव नाही. गोटमारचे फोटो मात्र ढिगाने, कॅमेरेवाला पांढुर्ण्यात येतो तो जांब नदीवर दगड पाहायलाच!

आधी वाटलं, प्रत्येक फोटोखाली नाव हवंच. मग आत्या आठवली. तिचा चेहरा असा जगभर कोणाच्याही मोबाइलवर उघडला असता तर तिला चाललं असतं का? त्या कार्डावरच्या पोराला तरी कोणी विचारलं असेल? त्याच्या चेहऱ्यावरून लाखो घरांत रोग ओळखायला शिकवलं, आणि त्याचं नाव आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. फोटो सगळ्यांना पाहायला मिळावेत, या मताचा मी आहेच. पण आजाऱ्याच्या फोटोखाली गाव आणि साल पुरे, नाव त्याच्या घरच्यांनी सांगितलं तरच. टोचणाऱ्या बाईचं, दारोदार फिरणाऱ्या माणसाचं नाव मात्र ठळक लिहावं.

म्हणून एक विनंती. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा, कोणाच्या घरी आई-वडील, आजोबा त्या मोहिमेत फिरले असतील तर त्यांचा फोटो, ओळखपत्र, काहीही असेल ते पाठवा. फोटोच्या मागे पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर मागची बाजूही पाठवा. आणि आमच्या गल्लीत, मारुतीच्या देवळामागे, 1974 च्या उन्हाळ्यात ते कार्ड घेऊन कोण यायचं, कोणाला आठवतं का? उंच होते, पायात टायरच्या चपला, आणि आजीकडे दरवेळी पाणी मागायचे.