टायरची काळी चकाकी

घरच्या घरी मोटार धुऊन झाली, की शेवटचा हात टायरवर फिरतो. त्यासाठी बाजारात ‘टायर शाइन’, ‘टायर ड्रेसिंग’, ‘टायर पॉलिश’ अशा नावांच्या कितीतरी बाटल्या मिळतात. चकाकीबरोबरच हे द्रव रबराचे रक्षण करतात, असेही त्यांतील अनेकांवर छापलेले असते. हा दावा तपासायचा, तर टायर मुळात काळा का झाला आणि त्याला भेगा का पडतात, हे पाहावे लागते.

जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८८ मध्ये बेलफास्ट येथे हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्या काळचे टायर काळे नव्हते. चार्ल्स गुडइयर यांच्या पद्धतीने रबर गंधकाबरोबर तापवून टणक केले जाई आणि त्यात झिंक ऑक्साइड मिसळल्यामुळे ते फिकट, पांढुरके दिसे. लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन येथील ‘इंडिया रबर, गटापर्चा अँड टेलिग्राफ वर्क्स’ या कंपनीत १९०४ मध्ये एस. सी. मोट यांना असे आढळले, की रबरात बारीक काजळी घोटली तर ते बळकट होते आणि फार कमी झिजते. (कंपनीच्या नावातील ‘इंडिया’ पाहून फसू नये, ‘इंडिया रबर’ हे रबराचेच जुने इंग्रजी नाव आहे.) आज टायरच्या रबरात वजनाने सुमारे चौथा हिस्सा काजळी असते. काजळी अतिनील किरण शोषून घेते, म्हणजे उन्हापासून रक्षण करणारे द्रव्य टायरच्या अंगातच आहे. ते वरून चोपडण्याची गरज नाही.

ओझोनची गोष्ट अधिक रंजक आहे. रबराचा लांबलचक रेणू आयसोप्रीनच्या कड्यांचा बनलेला असतो आणि प्रत्येक कड्यात कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतो. ओझोन नेमका तेथेच घाव घालतो आणि साखळी तोडतो. जर्मन रसायनज्ञ कार्ल हॅरीस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रबराची रचना उलगडण्यासाठी ओझोनचाच सुरीसारखा उपयोग केला होता. तीच सुरी रस्त्यावरच्या हवेतही आहे, हे ठसठशीतपणे लक्षात यायला लॉस एंजेलिसचे धुरके उजाडावे लागले. अननसाच्या स्वादाचे रसायन शोधणारे आरी हागेन-स्मिट त्या शहराच्या हवेकडे वळले आणि १९५० च्या सुमारास त्यांनी एक अगदी स्वस्त मोजमापयंत्र वापरले. रबराची पट्टी दुमडून हवेत ठेवायची आणि पहिली चीर किती मिनिटांत दिसते, ते पाहायचे. हवेच्या दहा कोटी भागांत ओझोनचे काही थोडे भाग असले, तरी ताणलेल्या रबराला चिरा पडतात. या चिरा नेहमी ताणाच्या दिशेला काटकोनात असतात.

टायर कारखान्यांनी यावर दोन उपाय योजले. रबरात थोडे मेण घातले. ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर बनवते. पण हा थर गाडी चालताना टायरच्या कडा वाकल्या की तडकतो. म्हणून ओझोनशी रबराच्या आधी स्वतःच अभिक्रिया करणारी द्रव्ये घालण्यात येऊ लागली. त्यांतील ‘६पीपीडी’ आजही सर्वत्र वापरात आहे. तेही आतून बाहेर झिरपते आणि त्यामुळे टायरवर तांबूस-तपकिरी छटा येते. आपण जिला मळ समजून घासतो, ती पुष्कळदा टायरची ढालच असते! अर्थात आतून नवा पुरवठा होत राहतो, म्हणून अधूनमधून घासल्याने फारसे बिघडत नाही. मात्र याच द्रव्याची ओझोनशी अभिक्रिया होऊन बनणारे क्विनोन पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाते आणि अमेरिकेच्या वायव्य भागातील कोहो सामन मासे त्याने मरतात, असे तेथील संशोधकांनी २०२० च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध केले. पर्यायी द्रव्याचा शोध त्यानंतर जोरात सुरू झाला.

बाटलीतल्या द्रवाचा मुख्य घटक बहुधा सिलिकोन तेल असतो. नॉटिंगहॅमचे फ्रेडरिक किपिंग यांना हे चिकट पदार्थ विसाव्या शतकाच्या आरंभीच मिळाले होते, पण त्यांचा काही उपयोग होईल असे त्यांना वाटले नाही. १९४० मध्ये यूजीन रोचो यांनी ते स्वस्तात बनवण्याची वाट दाखवली. सिलिकोन तेलाचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असतो, म्हणून ते रबरावर सहज पसरते आणि बारीक खड्डे भरून काढते. खडबडीत पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे विखुरतो म्हणून करडा दिसतो. खड्डे भरले की काळा दिसतो. ओला दगड गडद दिसतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात ‘आर्मर ऑल’ या नावाने असे द्रव विकले जाऊ लागले आणि हा व्यवसाय वाढला. पण सिलिकोनमधून वायू सहज आरपार जातात. तेव्हा त्याच्या पातळ थराने ओझोन अडेल, ही अपेक्षा फोल आहे. चकाकी मिळते, एवढेच खरे.

मग निवड कोणती करावी? दुधासारखे पांढरे, पाण्यात मिसळणारे द्रव घ्यावे. ते पाण्यातले पायस असते आणि त्यातील सिलिकोन रबराला फुगवत नाही. रॉकेलसारखा वास येणारे, पाण्यावर तरंगणारे पारदर्शक द्रव टाळावे. डिझेल किंवा इंजिनातले जुने ऑइल फासण्याची पद्धत तर सर्वांत वाईट, कारण हायड्रोकार्बन तेल रबरात शिरते आणि त्याला फुगवून मऊ करते. टायर थंड असताना सावलीत साबण व ब्रशने धुवावा, पूर्ण वाळू द्यावा, स्पंजने फक्त बाजूच्या भिंतीवर पातळ थर द्यावा आणि काही मिनिटांनी जास्तीचे पुसून घ्यावे. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर आणि ब्रेकच्या चकतीवर थेंबही जाता कामा नये. स्कूटर किंवा मोटारसायकलच्या टायरला तर हे लावूच नये. वळणावर कलताना टायरची कडच रस्त्याला टेकते.

जुनी गाडी विकत घेताना चकचकीत टायर दिसला, तर तो आधी साबणाने धुऊन घ्यावा. द्रवाने बारीक चिरा झाकल्या जातात, बुजत नाहीत. बाजूवर छापलेल्या चार अंकांतून टायरचे वय कळते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

वर्गात करून पाहायचे असल्यास साधे रबरबँड पुरेत. एक फळीवर ताणून, दुसरा सैल, असे दोन्ही मोकळ्या हवेत सावलीत ठेवावेत आणि दर आठवड्याला भिंगातून पाहावेत. तिसरा झाकणाच्या बाटलीत रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून, आधी व नंतर त्याची लांबी मोजावी.