मालदीवमधील रिसॉर्ट निवडताना काय तपासावे?

हिंदी महासागरातील मालदीव हा सुमारे १,२०० लहान प्रवाळ बेटांचा देश. तेथील पर्यटनाची सुरुवात १९७२ मध्ये 'कुरुंबा' या रिसॉर्टने झाली. पुढे 'एक बेट, एक रिसॉर्ट' ही पद्धत रूढ झाली. गोव्यात हॉटेलमधले जेवण आवडले नाही, तर शेजारच्या शॅकमध्ये जाता येते. मालदीवच्या रिसॉर्टवर तशी सोय नसते. त्यामुळे बेटाची निवड चुकली, तर ती चूक संपूर्ण सुट्टीभर सोबत राहते.

बेटावर पोहोचायचे कसे?

विमानतळ राजधानी मालेजवळ आहे. उत्तर आणि दक्षिण माले या प्रवाळबेट समूहांतील रिसॉर्टवर स्पीडबोटने जाता येते. दूरच्या बेटांसाठी सीप्लेन किंवा देशांतर्गत विमान आणि पुढे बोट असा प्रवास असतो. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. मुंबईहून येणारे विमान सायंकाळी उतरणार असेल, तर एक रात्र मालेजवळ काढावी लागते आणि रिसॉर्टचा महागडा एक दिवस वाया जातो. सीप्लेनचे जाण्या-येण्याचे भाडे माणशी काही शे डॉलर असते आणि ते बहुतेकदा खोलीच्या दरात धरलेले नसते. सामानाच्या वजनावरही मर्यादा असते.

जाहिरातीतील दर आणि खरे बिल

दरापुढे दोन अधिकचिन्हे (++) असतील, तर सेवाशुल्क आणि कर वेगळे आहेत, असे समजावे. सेवाशुल्क साधारण १० टक्के असते. पर्यटन वस्तू व सेवा कर जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला. शिवाय जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये प्रत्येक पर्यटकामागे रात्रीला १२ डॉलर हरित कर आहे. म्हणजे ५०० डॉलरची खोली सेवाशुल्कासह ५५० होते, करासह ६४३.५० आणि दोघांचा हरित कर धरून ६६७.५० डॉलर. पाच रात्रींत हा फरक ८०० डॉलरांच्या पुढे जातो.

लगून की रीफ?

काही बेटांभोवती उथळ, संथ पाण्याचे विस्तीर्ण लगून असते. लहान मुले आणि पोहायला शिकणाऱ्यांना ते सोयीचे. काही ठिकाणी किनाऱ्यालगतच प्रवाळाची भिंत असते. तिला 'हाऊस रीफ' म्हणतात. तेथे बोटीशिवाय स्नॉर्केलिंग करता येते. मात्र १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्राचे तापमान वाढून प्रवाळांचे मोठे नुकसान झाले. म्हणून जुनी छायाचित्रे पाहून भुलू नये, पर्यटकांचे अलीकडचे अनुभव वाचावेत. पाण्यावरचे व्हिला दिसायला देखणे असले, तरी त्यांच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. लहान मुले सोबत असतील, तर किनाऱ्यावरचा व्हिला बरा.

कधी जावे?

डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम, पण दरही तेव्हाच चढे. मे ते नोव्हेंबर वारे आणि पाऊस असतो, तरी दर उतरतात. बा प्रवाळबेट समूहातील हनिफारू उपसागरात मांटा रे माशांचे थवे जून ते नोव्हेंबरमध्येच येतात. हा समूह २०११ पासून युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत आहे.

जेवणाचे काय?

बहुतेक अन्न आयात होते, त्यामुळे प्रत्येक पदार्थाचे वेगळे बिल जड जाते. न्याहारी आणि रात्रीचे जेवण दरात असेल, तरी दुपारचे जेवण आणि पेये वेगळी पडतात. 'ऑल इन्क्लुझिव्ह'मध्ये नेमके काय धरले आहे, हे विचारावे. शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असल्यास रिसॉर्टकडून आधी लेखी होकार घ्यावा.

कमी खर्चाचा पर्याय

स्थानिक वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे आहेत. तेथे दर बरेच कमी असतात, पण मद्य मिळत नाही आणि पोहण्याचे कपडे ठरावीक किनाऱ्यावरच चालतात.

आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी बोट किंवा सीप्लेन, सर्व कर आणि जेवण धरून एकूण किती रक्कम होईल, हे ईमेलवर मागवावे. दोन रिसॉर्टची तुलना त्या आकड्यावरच करावी.