पुण्यातील चित्रपटचर्चा आणि मानांकन

पुणे शहरात पाहिलेल्या चित्रपटाविषयी प्रेक्षकांनी एकत्र जमून मते मांडण्याची, त्यांवर वाद घालण्याची आणि अलीकडच्या काळात चित्रपटाला गुण किंवा तारे देण्याची परंपरा आहे. तिचा पाया फिल्म सोसायट्या, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया (एफटीआयआय) आणि पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (पिफ) या संस्थांच्या आधाराने घातला गेला. चित्रपट चांगला की वाईट हे सांगण्यापेक्षा तसे का वाटले हे सांगणे महत्त्वाचे, अशी या परंपरेची धारणा राहिली आहे. एका आकड्यात मत मांडणाऱ्या मानांकनपद्धतीशी तिचा असलेला ताण याच धारणेतून आला आहे.

पार्श्वभूमी

पुण्यातील पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह म्हणून ओळखले जाणारे 'आर्यन' मंडई परिसरात इ.स. १९१५ मध्ये सुरू झाले. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली आणि पुढील वर्षी शहरात प्रभात चित्रपटगृह उघडले. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाची १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात दखल घेतली गेली. चित्रपट जिथे तयार होतो त्याच गावातला प्रेक्षक तो पाहतो आणि त्यावर बोलतो, अशी स्थिती भारतात फार थोड्या शहरांत होती. पुणे त्यांपैकी एक होते.

सार्वजनिक चर्चेची सवय शहराला चित्रपटाच्याही आधीपासून होती. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने व्याख्यान ऐकण्याची रीत पुणेकर मध्यमवर्गात रुजवली. नाटकाच्या प्रयोगानंतर आणि गाण्याच्या बैठकीनंतर रंगणाऱ्या गप्पा ही तिचीच अनौपचारिक बाजू होय. चित्रपटाला मात्र या वर्तुळात सहज प्रवेश मिळाला नाही. सुशिक्षित घरांत त्याकडे दीर्घकाळ करमणूक म्हणून, क्वचित व्यसन म्हणूनही पाहिले गेले. चित्रपट हा गंभीर बोलण्याचा विषय आहे, हे स्वतंत्रपणे पटवून द्यावे लागले.

संग्रहालय आणि रसास्वाद शिक्षण

प्रभातचा स्टुडिओ बंद पडल्यानंतर त्याच आवारात १९६० साली केंद्र सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. तीच पुढे एफटीआयआय झाली. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची पुण्यातच स्थापना झाली. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मु. रा. जयकर यांचा लॉ कॉलेज रस्त्यावरील बंगला आज या संग्रहालयाचा भाग आहे.

संग्रहालयाच्या उभारणीचे श्रेय प्रामुख्याने पी. के. नायर (१९३३–२०१६) यांना दिले जाते. १९६५ मध्ये ते येथे रुजू झाले आणि १९९१ मध्ये संचालकपदावरून निवृत्त झाले. या काळात संग्रहातील चित्रपटांची संख्या १२,००० च्या वर गेली. खेळ चालू असताना अंधारात बसून, छोट्या विजेरीच्या उजेडात वहीत नोंदी करणारे नायर अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांच्या आठवणीत आहेत. कोणत्या रिळात कोणते दृश्य आहे, याची ती नोंद असे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) या माहितीपटात त्यांच्या कामाचे चित्रण आहे. चित्रपटांच्या प्रती कपाटात जपून ठेवण्याबरोबरच त्या लोकांना दाखवल्या पाहिजेत, हा नायर यांचा आग्रह पुण्याच्या प्रेक्षकवर्गाच्या दृष्टीने निर्णायक ठरला.

चित्रपटाविषयी कसे बोलावे, हे शिकवण्याचे काम सतीश बहादुर यांनी केले. आग्र्यात अर्थशास्त्र शिकवत असताना ते फिल्म सोसायटीच्या कामाकडे वळले आणि १९६३ मध्ये पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वादाचे प्राध्यापक झाले. त्याआधी ब्रिटिश समीक्षक मेरी सेटन यांनी भारतात ठिकठिकाणी रसास्वादाची व्याख्याने दिली होती. पुण्यातील उपक्रमांनाही त्यांची साथ मिळाली. बहादुर यांची पद्धत ठोस होती. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' (१९५५) सारख्या चित्रपटाचा एखादा भाग थांबवत, मागे नेत, पुन्हा दाखवत ते विद्यार्थ्यांना विचारत की इथे कॅमेरा कुठे आहे, आवाज कुठून येतो, आणि हा तुकडा काढून टाकला तर काय हरवेल. त्यांच्या सहकारी श्यामला वनारसे यांनी मानसशास्त्राच्या अभ्यासाची जोड देऊन हे अध्यापन पुढे नेले आणि मराठीतूनही लेखन केले.

संग्रहालय व एफटीआयआय यांच्या संयुक्त विद्यमाने उन्हाळ्यात होणारा रसास्वाद अभ्यासक्रम देशभर प्रसिद्ध झाला. त्याला शिक्षक, डॉक्टर, बँक कर्मचारी, पत्रकार, गृहिणी असे चित्रपटव्यवसायाबाहेरचे लोक येत. कर्नाटकातील हेग्गोडू या गावी के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम' संस्थेने भरवलेल्या रसास्वाद शिबिरांनाही पुण्याहून प्रती आणि अध्यापक गेले. 'बायसिकल थीव्हज' किंवा 'राशोमोन' यांसारखे परभाषी चित्रपट खेड्यातील प्रेक्षकांनी पाहिले व त्यांवर मते दिली. जाणकार प्रेक्षक शहरातच असतो, हा समज या अनुभवाने खोडून काढला.

फिल्म सोसायट्या

भारतातील फिल्म सोसायटी चळवळीला १९४७ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीने दिशा दिली. सत्यजित राय व चिदानंद दासगुप्ता हे तिचे संस्थापक होते. १९५९ मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया ही देशव्यापी संघटना स्थापन झाली आणि राय तिचे अध्यक्ष झाले. महाराष्ट्रात मुंबईच्या प्रभात चित्र मंडळाने (१९६८) मराठी भाषक सभासद मोठ्या प्रमाणावर जोडले. 'वास्तव रूपवाणी' हे त्या मंडळाचे नियतकालिक मराठीतील चित्रपटविषयक गंभीर लेखनाचे एक व्यासपीठ ठरले. पुण्यात १९८० च्या दशकापासून आशय फिल्म क्लब हे काम करीत आहे. सतीश जकातदार व वीरेंद्र चित्राव ही नावे या क्लबशी निगडित आहेत.

सोसायटीचा व्यवहार तिकिटावर चालत नसे. सभासद वार्षिक वर्गणी भरत आणि महिन्यातून काही ठरावीक खेळ पाहत. सरकारी सवलतीमुळे सोसायट्यांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र नसलेले विदेशी चित्रपट सभासदांपुरते दाखवता येत. प्रती संग्रहालयाकडून, परदेशी वकिलातींकडून किंवा मॅक्स म्युलर भवन व आलियान्स फ्रान्सेज यांसारख्या सांस्कृतिक केंद्रांकडून मिळत. त्या बहुधा १६ मि.मी.च्या असत. प्रत वेळेवर न येणे, उपशीर्षके नसणे, रीळ मध्येच तुटणे हे प्रकार नित्याचे होते.

सेन्सॉरच्या या सवलतीला एक दुसरी बाजूही होती. न कापलेली दृश्ये पाहायला मिळतील एवढ्याच अपेक्षेने सभासदत्व घेणारा वर्ग देशभरातील सोसायट्यांत होता आणि असे सभासद पहिल्या दोन-तीन संथ चित्रपटांनंतर गळून जात. चळवळीच्या स्मरणपर लेखनात हा विषय बहुधा विनोदाने येतो. प्रत्यक्षात मात्र वर्गणीचा बराचसा भार अशाच सभासदांवर असल्याने सोसायट्यांच्या अर्थकारणात तो गंभीर होता.

दूरचित्रवाणी, व्हिडिओ कॅसेट आणि १९९० च्या दशकातील उपग्रह वाहिन्या यांमुळे अनेक सोसायट्या क्षीण झाल्या. जागतिक चित्रपट घरी पाहता येऊ लागल्यावर सोसायटीजवळ उरलेली खरी मिळकत म्हणजे खेळानंतरची चर्चा होय.

खेळानंतरची चर्चा

चर्चेचे स्वरूप साधे असते. एखादा अभ्यासक किंवा दिग्दर्शक चित्रपटाआधी थोडक्यात प्रास्ताविक करतो. कथा उघड करू नये, हा त्याचा अलिखित नियम आहे. खेळ संपल्यावर दिवे लागतात, काही जण शेवटची बस गाठण्यासाठी उठतात आणि उरलेले थांबतात. पहिले मत बहुतेक वेळा आवडनिवडीचे असते. त्यावर 'का?' हा प्रश्न येतो आणि तेथून चर्चा दृश्यांकडे, ध्वनीकडे, पात्रांच्या वागण्याकडे वळते. स्वतःचे मत चर्चेच्या ओघात बदलणे येथे कमीपणाचे मानले जात नाही. एफटीआयआयच्या आवारातील 'विस्डम ट्री' नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंब्याच्या झाडाखालीही अशाच गप्पा होत आल्या आहेत. १९६० च्या दशकाच्या मध्यास काही काळ संस्थेत उपप्राचार्य असलेल्या ऋत्विक घटक यांचे नाव या झाडाशी जोडले जाते.

मतभेदाची सर्वांत ठळक उदाहरणे याच संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांच्या चित्रपटांनी पुरवली. मणी कौल यांचा 'उसकी रोटी' आणि कुमार शहानी यांचा 'माया दर्पण' (१९७२) हे काहींना भारतीय चित्रपटाची नवी भाषा वाटले, तर काहींना असह्य कंटाळवाणे. खुद्द सत्यजित राय यांनी या धाटणीच्या चित्रपटांवर कठोर लिहिले. या चित्रपटांना पाचपैकी अडीच गुण दिले, तर त्या आकड्यातून हा वाद मुळीच कळणार नाही.

उमेश कुलकर्णी यांच्याशी निगडित 'आरभाट'च्या लघुपट क्लबाने ही पद्धत लघुपटांकडे नेली. लघुपटाचा दिग्दर्शक अनेकदा प्रेक्षकांतच बसलेला असल्यामुळे तेथील मतप्रदर्शन अधिक जबाबदारीचे होते. क्वचित अधिक भिडस्तही होते.

महोत्सव

पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००२ मध्ये सुरू झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल हे त्याचे संचालक आहेत. महोत्सवातील सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या पुरस्काराला 'प्रभात'चे, तर सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाच्या पुरस्काराला 'संत तुकाराम'चे नाव देण्यात आले आहे. एका दिवसात चार-पाच चित्रपट पाहणारा प्रतिनिधी पुढच्या खेळाची निवड छापील माहितीपेक्षा रांगेतल्या शिफारशीवर करतो. 'सकाळचा पाहिलात का?' या प्रश्नाला मिळणारे दोन वाक्यांचे उत्तर हे मानांकनाचे सर्वांत जुने आणि अजूनही विश्वासार्ह रूप मानता येईल, कारण उत्तर देणाऱ्याची आवड विचारणाऱ्याला ठाऊक असते.

तारे, गुण आणि टक्के

चित्रपटाला तारे देण्याची पद्धत १९२८ मध्ये 'न्यूयॉर्क डेली न्यूज' या दैनिकात आयरीन थिरर यांनी सुरू केल्याचे मानले जाते. तेव्हा कमाल तारे तीन होते. १९५० च्या दशकात 'काइए द्यु सिनेमा' या फ्रेंच नियतकालिकाने दहा जणांची मते एका तक्त्यात छापण्याची प्रथा सुरू केली. एकाच चित्रपटासमोर एकाचे पूर्ण तारे आणि दुसऱ्याचा 'पाहू नये' हा ठिपका शेजारी शेजारी दिसे. त्या तक्त्यात सरासरी काढलेली नसे, त्यामुळे मतभेद वाचकासमोर तसाच राही.

आंतरजालावरील मानांकनाने सरासरी रूढ केली. १९९० मध्ये सुरू झालेल्या आयएमडीबीवर प्रेक्षक दहापैकी गुण देतात आणि त्यांची भारित सरासरी दाखवली जाते. रॉटन टोमॅटोजवरील टक्केवारी म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत; किती टक्के समीक्षकांचे मत अनुकूल आहे, एवढेच ती सांगते. सर्वांना चित्रपट बेताचा पण पाहण्याजोगा वाटला, तरी ती शंभर होऊ शकते. न्यूझीलंडमध्ये २०११ साली सुरू झालेल्या लेटरबॉक्स्डवर अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत मोजपट्टी असून पाहिलेल्या चित्रपटांची रोजनिशी ठेवता येते. मराठी दैनिकांतील परीक्षणांतही पाचपैकी तारे देणे रूढ झाले आहे, आणि तिकीट नोंदणीच्या बुकमायशोसारख्या सेवांवर प्रेक्षकांची मते तिकिटाच्या शेजारीच दिसतात.

सरासरीची मर्यादा साध्या उदाहरणाने स्पष्ट होते. दहा प्रेक्षकांपैकी पाच जणांनी पाच तारे आणि पाच जणांनी एक तारा दिला, तर सरासरी तीन येते. दहाही जणांनी तीन तारे दिले तरी सरासरी तीनच येते. पहिला चित्रपट वादळ उठवणारा आहे, दुसरा विसरण्याजोगा. आकडा दोघांचा एकच. मत देणाऱ्यांची संख्या कमी असेल, तर निर्मात्याच्या परिचितांनी दिलेले गुणही सरासरी हलवू शकतात. उलट दिशेने, चित्रपट न पाहताच मोहीम चालवून त्याचे गुण पाडण्याचे प्रकारही घडले आहेत. प्रदर्शनापूर्वीच प्रेक्षकांना प्रतिक्रिया लिहिण्याची सोय अशा गैरवापरामुळे रॉटन टोमॅटोजने २०१९ मध्ये बंद केली.

मराठी चित्रपटांवर या आकड्यांचा परिणाम अधिक तीव्र होतो. मोजके खेळ आणि गैरसोयीच्या वेळा मिळालेल्या चित्रपटाला पहिल्या तीन-चार दिवसांतच प्रेक्षक जमवावा लागतो. पडद्यावरून उतरल्यावर आलेली चांगली मते त्याच्या उपयोगी पडत नाहीत. पुण्यातून काम करणाऱ्या सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला २०१६ साठीचे सुवर्णकमळ मिळाले. अशा चित्रपटांचा प्रेक्षक मोठ्या प्रमाणात सोसायट्या, महोत्सव आणि विशेष खेळांतून तयार झाला असून तेथील मते आकड्यांत नोंदली जात नाहीत. त्यामुळे भरपूर चर्चिलेला चित्रपट आंतरजालावर जवळपास अनुल्लेखित राहू शकतो.

मानांकनाच्या बाजूनेही मुद्दे मांडले जातात. चर्चेत वक्तृत्व असलेल्यांचा, वयाने ज्येष्ठ असलेल्यांचा आणि पारिभाषिक शब्द जाणणाऱ्यांचा वरचष्मा राहतो. मागच्या रांगेतला नवखा प्रेक्षक गप्प बसतो. तारा देताना त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पुण्यातील सोसायट्यांचा सभासदवर्ग दीर्घकाळ शहराच्या पश्चिम भागातील मध्यमवर्गापुरता राहिला, ही टीकाही याच्याशी जोडलेली आहे.

चित्रपटांची उपलब्धता

मत देण्यासाठी चित्रपट पाहता आला पाहिजे, ही अट संग्रहालयाच्या शहरात विशेष जाणवते. भारतात तयार झालेल्या सुमारे १,३०० मूकपटांपैकी फारच थोडे आज उपलब्ध आहेत. जानेवारी २००३ मध्ये एफटीआयआयच्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या कोठारास लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांची अनेक रिळे नष्ट झाली. २०२२ मध्ये संग्रहालयाचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण करण्यात आले. जुन्या प्रतींची दुरुस्ती आणि अंकीकरण या कामांनंतर काही चित्रपट पुन्हा पडद्यावर आले असून पुण्यातील प्रेक्षकांना ते संग्रहालयाच्या लॉ कॉलेज रस्ता व कोथरूड येथील प्रेक्षागृहांत पाहता येतात.