फोटो हा शब्द अपुरा पडला तेव्हा

नागपूरच्या 'महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रा'ला पूर्ण नावानं हाक मारणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. सगळे 'एमआरसॅक' म्हणतात. नाव जड आहे, मान्य. पण त्यातलं 'सुदूर संवेदन' ज्या 'रिमोट सेन्सिंग'वरून आलं, त्याचं मूळ शोधत गेलं की आपण अमेरिकेतल्या एका भूगोलतज्ज्ञ बाईंच्या टेबलाशी पोचतो. त्यांचं नाव एव्हलिन प्रुइट.

अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयात प्रुइट भूगोलाचं काम पाहत. विद्यापीठांतल्या अभ्यासकांचे प्रस्ताव वाचायचे, चांगल्या कामाला निधी द्यायचा. 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यासमोर एक अडचण उभी राहिली. विमानातून फोटो काढायचे आणि ते वाचून जमीन, जंगल, किनारा ओळखायचा, ही विद्या तोवर चांगली रुळली होती आणि तिच्या नावातच 'फोटो' होता. पण हाती येणारी नवी उपकरणं फोटो काढतच नव्हती. रडार स्वतः लहरी सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतं; त्याला ना उजेड लागतो, ना फिल्म. उष्णता टिपणारा स्कॅनर रात्रीच्या अंधारातही जमिनीची ऊब मोजतो. या सगळ्याला फोटो कसं म्हणायचं? 'हवाई' म्हणावं, तर 1957 मध्ये स्पुटनिक वर गेला होता आणि उद्या विमानाच्याही पलीकडून पृथ्वी दिसणार हे उघड होतं. प्रुइट आणि त्यांचे सहकारी वॉल्टर बेली यांनी मग 'रिमोट सेन्सिंग' हा शब्द पुढे केला. लांबून जाणून घेणं, एवढाच त्याचा अर्थ. कुठल्या उपकरणानं आणि किती उंचीवरून, ते त्यांनी मोकळं सोडलं. या मोकळेपणातच शब्दाचं शहाणपण आहे, असं मला वाटतं.

शब्द नवा असला तरी घराणं जुनं आणि बरंचसं लष्करी होतं. दुसऱ्या महायुद्धात अवरक्त किरण टिपणारी रंगीत फिल्म वापरात आली. जिवंत पान हे किरण भरपूर परतवतं, म्हणून त्या फिल्मवर झाडी लाल दिसते. हिरवा रंग फासलेलं कापड तसं दिसत नाही. झाकलेल्या तोफा अशा उघड्या पडत. 1956 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रॉबर्ट कोलवेल यांनी अशाच फिल्मचा उपयोग तृणधान्यांवरचे रोग ओळखण्यासाठी करून दाखवला. तोफा हुडकणारी नजर शेताच्या बांधावर आली.

मात्र अशी कामं वेगवेगळ्या दारांआड चालली होती. ती दारं उघडायला एक बैठक लागली. फेब्रुवारी 1962 मध्ये मिशिगन विद्यापीठानं अ‍ॅन आर्बरला या विषयावरची पहिली परिषद भरवली. पाठबळ प्रुइट यांच्या कार्यालयाचं आणि आयोजन विद्यापीठाच्या विलो रन प्रयोगशाळांचं. विलो रन म्हणजे युद्धकाळात फोर्ड कंपनीनं जिथं हजारो बी-24 बॉम्बफेकी विमानं बांधली, ती जागा. युद्धानंतर तिथं विद्यापीठाची माणसं रडार आणि अवरक्त यंत्रांवर काम करत, आणि त्यातलं बरंच गोपनीय होतं. परिषदेला आलेली मंडळी शंभराच्या आतच होती. पण भूविज्ञान, भूगोल, वनशास्त्र, अभियांत्रिकी अशा विषयांतले लोक, जे एरवी एकमेकांचे निबंध वाचत नसत, ते एका छपराखाली बसले आणि आपण एकच काम करतोय हे त्यांना उमगलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात दुसरी परिषद झाली. 'फोटोवाचन' हेच नाव राहिलं असतं, तर रडारवाला तिथं उपराच ठरला असता.

भारतात हा बदल एका संस्थेच्या पाटीवरच वाचता येतो. डेहराडूनला 1966 मध्ये डच मदतीनं जी 'इंडियन फोटो-इंटरप्रिटेशन इन्स्टिट्यूट' निघाली, तीच आजची 'भारतीय सुदूर संवेदन संस्थान'. आणि प्रत्यक्ष कामाचा आपला पहिला मोठा प्रयोग नारळाचा. 1970 च्या सुमारास पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकारानं केरळात मूळकूज झालेल्या माडांचे हेलिकॉप्टरमधून अवरक्त फोटो घेतले गेले आणि रोगट झाडं निरोगी झाडांपासून वेगळी दिसली. हे पिशारोटी म्हणजे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक. भारताचा आयआरएस-1ए हा उपग्रह 1988 मध्ये वर गेला, नागपूरचं केंद्रही त्याच वर्षीचं.

मधल्या काळात, 23 जुलै 1972 रोजी, अमेरिकेचा पहिला लँडसॅट उडाला होता. त्या मालिकेतल्या उपग्रहांची चित्रं पुढे इतकी महाग झाली की एका चित्राला हजारो डॉलर मोजावे लागत. ज्या विद्येचं नावच सगळ्यांना एकत्र बसवण्यासाठी घडलं, तिची सामग्री गरीब विद्यापीठांच्या आवाक्याबाहेर जावी, हे मला आजही खुपतं. 2008 मध्ये अमेरिकेनं लँडसॅटचा सारा साठा फुकट खुला केला आणि ही चूक दुरुस्त झाली.

भूगोल शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. आपल्या तालुक्याची ती चित्रं वर्गात उघडा. धरण, ओढा, ऊस, पडीक माळ काय काय बदललं ते मुलांना मोजू द्या, आणि जे सापडेल ते मराठीत लिहून शेजारच्या महाविद्यालयाला पाठवा.