झाशी : नावातच दडलेली उपमा

मागच्या भागात आपण नारोशंकरांनी वाढवलेला शंकरगड पाहिला. आज किल्ल्याच्या नावाकडे वळू, आणि जोडीला थोडं व्याकरण. घाबरू नका, चित्रं काढत शिकायचं आहे.

ओरछ्याच्या वीरसिंह देवांनी १६१३ साली हा किल्ला बांधला. आख्यायिका अशी की, जैतपूरचे राजे ओरछ्याला पाहुणे आले होते. वीरसिंहांनी विचारलं, इथून आमचा किल्ला दिसतो का? पाहुणे म्हणाले, ‘झाँई-सी’. झाँई म्हणजे अंधुक सावली. त्याचंच पुढे झाँसी झालं, आपली झाशी. याला कागदाचा पुरावा मागू नका. पण उपमा शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

सुट्टीत आमच्याकडे नातवंडं आणि शेजारची मराठी मुलं जमतात. शाळा हिंदी-इंग्रजीची, त्यामुळे मराठी अलंकारांच्या व्याख्या त्यांना नकोशा वाटतात. म्हटलं, पाहुण्याला दिसला तसा किल्ला काढा. एकाने बुरूज, झेंडा, पहारेकरी, सगळं काढलं. मी विचारलं, “ओरछा पंधरा-सोळा किलोमीटरवर. तिथून पहारेकऱ्याच्या मिशा दिसतील का रे?” फौजेत आम्हाला रेखाटन शिकवताना एकच गोष्ट बजावत: दिसतं ते काढा, ठाऊक आहे ते नको. पोरगा खोडत गेला. शेवटी कागदावर करडा डाग उरला. तो अंधुकपणा म्हणजे साधारण धर्म. किल्ला उपमेय, सावली उपमान. आणि ‘सी’ हा साम्यवाचक शब्द, आपल्या ‘सारखी’च्या जागेवरचा. व्याख्या न सांगता चारही अंगं कागदावर उतरली.

मग ‘कडक बिजली’. ही तोफ आजही किल्ल्यात आहे. १८५८च्या मार्चमध्ये ह्यू रोजने वेढा घातला, तेव्हा गुलाम गौस खान राणीचे गोलंदाज होते. त्या वेढ्यात आपले वरसईचे विष्णुभट गोडसे शहरात अडकले होते. त्यांचं ‘माझा प्रवास’ जरूर वाचा. तोफ विजेसारखी कडाडते म्हटलं की मुलं शेजारी-शेजारी दोन चित्रं काढतात. तोफ म्हणजेच वीज म्हटलं की थबकतात. एकीने ढगालाच तोफेची चाकं लावली. रूपक झालं!

खरी पंचाईत पुढे आली. किल्ल्यात एक जागा दाखवतात: राणीने पाठीशी दामोदर बांधून इथून घोडा उडवला. राणी रात्री किल्ल्याबाहेर पडून काल्पीला पोहोचली, हा इतिहास. तटावरून खाली पाहिलं की माझ्यासारख्या सैनिकाला ती उडी पटत नाही. पण हे मुलांना सांगायला जीभ रेटेना. झाशीत राहून कसं सांगायचं?

नातीने चित्र आणून दाखवलं. घोड्याला दोन मोठे पंख.

“पंख कशाला गं?”

“आजोबा, नाहीतर त्याचे पाय मोडले नसते का?”

मी चित्राखाली फक्त ‘अतिशयोक्ती’ लिहिलं. तिने शेजारी काल्पीचा रस्ता काढला. त्यावरच्या घोड्याला पंख नव्हते.