राउटरओएसमधील फायरवॉलला बगल देणारी त्रुटी (सीव्हीई-२०१९-३९२४)

लॅटव्हियातील मायक्रोटिक कंपनीच्या राउटरओएस या राउटर-प्रणालीत सापडलेला सुरक्षादोष. टेनेबल या सुरक्षा कंपनीने तो फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला.

राउटरचे व्यवस्थापन विनबॉक्स या साधनाने, टीसीपी पोर्ट ८२९१ वरून होते. ‘द ड्यूड’ या देखरेख-प्रणालीसाठी राउटरमध्ये एक सोय होती: एखादे यंत्र चालू आहे का, हे राउटरने स्वतः त्याला संदेश पाठवून तपासायचे. याच पोर्टवरून हे काम सांगणाऱ्याची ओळख मात्र पटवली जात नव्हती. त्यामुळे पासवर्ड नसलेल्या परक्यालाही आतल्या कोणत्याही पत्त्यावर व पोर्टवर हवा तो मजकूर पाठवता येई आणि अपेक्षित उत्तर आले की नाही, हे कळे. फायरवॉल बाहेरून आत जाणारी जोडणी अडवते; येथे जोडणी खुद्द राउटरच सुरू करत असल्याने ती बिनदिक्कत पार होई. दोषाचे मर्म हेच. टेनेबलने या वाटेने राउटरमागच्या व्हिडिओ-रेकॉर्डरचा ताबा मिळवून दाखवला. रेकॉर्डर स्वतःही सदोष होता, पण राउटरच्या आड असलेले यंत्र सुरक्षित मानण्याची सवय किती घातक ठरते, ते या प्रयोगाने नेमके उघड केले.

इंटरनेटकडून ८२९१ पोर्ट बंद असल्यास बाहेरून हा हल्ला शक्य नव्हता. ६.४३.१२ आणि दीर्घकालीन शाखेतील ६.४२.१२ या आवृत्त्यांत दोष दुरुस्त झाला.